आरसा म्हणजे दुसरी प्रत नव्हे

घरात फाइल सर्व्हर बसवायचा ठरले की पहिला प्रश्न हमखास येतो, 'रेड कुठले लावायचे?' शून्य, एक, पाच, सहा, दहा. आकडा जितका मोठा तितकी सुरक्षा मोठी, असा समज त्यामागे असतो. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, संगणक हा माझा विषय नव्हे. पण जुनी पुस्तके, मासिकांचे अंक आणि घराघरांतली कागदपत्रे स्कॅन करून ठेवण्याच्या नादात या प्रश्नाशी माझी चांगलीच ओळख झाली आहे. त्यातून माझे एक मत बनले आहे. रेडचा प्रश्न तिसरा किंवा चौथा आहे. पहिला प्रश्न वेगळा: डिस्कवर जे आहे त्याची जगात आणखी कुठे प्रत आहे का? आणि दुसरा: हे घर उद्या उभे राहिले नाही तर ती प्रत राहील का?

चित्रपट, गाणी, सॉफ्टवेअर डिस्क गेली तरी पुन्हा मिळतात. वाळवी लागलेल्या पेटीतून निघालेला निकाहनामा, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जमिनीचा जुना फेरफार, बंद पडलेल्या उर्दू मासिकाचा एखाद्याच घरात उरलेला अंक, कॅसेटवरून उतरवून घेतलेला आजीचा आवाज, हे पुन्हा मिळत नाही. राजघराण्यांची दप्तरे पुराभिलेखागारात जपली जातात. बागवान, अत्तार, तांबोळी, मणियार, शिकलगार यांच्या घरांचे दप्तर म्हणजे त्यांच्याच माळ्यावरची पत्र्याची पेटी. आता त्या पेटीची डिस्क झाली आहे. कागद शोधायची वेळ येते तेव्हा ती किती घाईची आणि किती जिवावरची असते, हे आपल्यापैकी अनेकांना सांगायला नको. म्हणून हा विषय केवळ संगणकाची हौस असणाऱ्यांचा राहिलेला नाही.

फाइल सर्व्हर ही काही जादूची वस्तू नव्हे. घरातला एक संगणक, त्यात एकदोन मोठ्या डिस्क, आणि घरातल्या बाकीच्या लॅपटॉप-मोबाइलना राउटरवाटे त्या डिस्कपर्यंत पोचायची सोय. चार ठिकाणी विखुरलेले फोटो आणि कागद एका जागी येतात, हा त्याचा फायदा. आणि सगळे एका जागी येते, हाच त्याचा धोका. पूर्वी एक मोबाइल बिघडला तर एकाचे फोटो जात. आता एक डबा गेला तर घराचे सगळेच जाते.

रेडचा जन्म घरांसाठी झालेला नाही. १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. मोठ्या संगणकांच्या महागड्या डिस्कऐवजी वैयक्तिक संगणकांच्या स्वस्त डिस्क एकत्र जोडून वापरता येतील, असे त्यांचे म्हणणे होते. पण डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यांतली एखादी बिघडण्याची शक्यताही जास्त. म्हणून थोडी जागा जादा माहितीसाठी राखायची, म्हणजे एक डिस्क गेली तरी काम चालू राहील. काम चालू राहणे, हा रेडचा मूळ हेतू आहे. बँकेचा किंवा रेल्वे आरक्षणाचा संगणक एका डिस्कपायी थांबू नये, यासाठी ती रचना उत्तम आहे.

आता हे आकडे घरच्या हिशेबात मांडू. प्रत्येकी ४ टीबीच्या चार डिस्क आहेत असे धरा. रेड शून्य लावले तर १६ टीबी जागा मिळते, पण एक डिस्क गेली की सगळे गेले. रेड पाचमध्ये १२ टीबी मिळते आणि एक डिस्क जाणे सोसते. रेड सहामध्ये ८ टीबी मिळते आणि कुठल्याही दोन डिस्क जाणे सोसते. रेड दहा म्हणजे जोडीजोडीने आरसे. त्यातही जागा ८ टीबीच मिळते. एक डिस्क नक्की सोसते, दुसरी वेगळ्या जोडीतली असेल तर तीही. आणि रेड एक म्हणजे साधा आरसा: दोन डिस्क, दोन्हींवर तेच, जागा एकीची.

आरसा हा शब्द मला फार नेमका वाटतो. आरशात आपण जसे आहोत तसे दिसतो, त्याच क्षणी. काल कसे होतो ते आरसा सांगत नाही. घरातल्या मुलाने चुकून 'स्कॅन' नावाचे फोल्डर पुसले, तर ते दोन्ही डिस्कवरून एकाच वेळी पुसले जाते. रेड आपले काम चोख करते. तिला आज्ञा मिळाली, तिने पाळली. फाइल अर्धवट लिहिली गेली, तर ती दोन्हीकडे तितकीच अर्धवट. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. विंडोजच्या फाइल शेअरिंग व्यवस्थेतल्याच एका त्रुटीतून तो शिरत होता, आणि ती त्रुटी बुजवणारे अपडेट मार्चमध्येच आलेले होते. अशा व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या, तर रेड पाच असो की सहा, ती कुलूपबंद फाइलच जिवापाड सांभाळते.

चोर येतो तो डबा उचलून नेतो, आतल्या डिस्क वेगवेगळ्या करत बसत नाही. पाणी शिरते तेही असेच. २६ जुलै २००५ ला मुंबईत, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात, २०२१ मध्ये चिपळुणात घरात पाणी शिरले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या कपाटातले काय उरले, ते तिथल्या लोकांना विचारा. एका डब्यातल्या चार डिस्क पाण्याच्या लेखी एकच वस्तू असतात.

१९९८ साली पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू होते. कोणीतरी पुसण्याची आज्ञा भलत्या जागी चालवली आणि चित्रपटाच्या फायली भराभर नाहीशा होऊ लागल्या. बॅकअप घेतला जात होता, पण तो नीट होत नव्हता, हे तेव्हाच उघड झाले. काम वाचले ते गॅलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकामुळे. बाळंतपणानंतर घरून काम करता यावे म्हणून त्यांच्याकडे चित्रपटाची प्रत होती. एवढी मोठी कंपनी, एवढी यंत्रे. उपयोगी पडली ती दुसऱ्या छपराखालची प्रत. रेडचा आकडा निवडायला बसलेल्या प्रत्येकाने ही हकिकत आधी वाचावी.

माझा एक जुना विद्यार्थी लग्नांचे फोटो-व्हिडिओ काढतो. तो एकदा म्हणाला, "सर, चार डिस्कचा डबा घेतोय. रेड पाच लावतो. एक डिस्क गेली तरी टेन्शन नाही."

"दुकानाला आग लागली तर?"

"मग डबाच जाईल, सर."

"आणि गिऱ्हाईक फोटो कुणाकडे मागेल?"

"माझ्याकडेच."

"मग तू विमा कशाचा उतरवतोयस, डिस्कचा की फोटोंचा?"

त्याच्या धंद्याची गरज वेगळी आहे, हे मान्य. रोज शेकडो जीबीचे व्हिडिओ येतात, डिस्क बिघडली म्हणून दोन दिवस काम थांबले तर गिऱ्हाईक जाते. त्याला चार-सहा डिस्क लागतील, आणि रेड सहा लावणे त्याच्यासाठी शहाणपणाचे आहे. पण घरातले फोटो आणि कागद दोन दिवस उघडता आले नाहीत तर काय बिघडते? काहीच नाही. घराला अखंड सेवा लागत नाही. घराला वस्तू टिकायला हवी आहे. या दोन गरजा वेगळ्या आहेत, आणि बाजार पहिलीचे उत्तर दुसरीच्या नावाने विकतो.

घरासाठी रेड पाच मला नापसंत आहे, त्याला आणखी कारणे आहेत. एक डिस्क बिघडली की नवी घालावी लागते आणि तिच्यावरची माहिती उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून पुन्हा तयार करावी लागते. ८ टीबीची डिस्क सेकंदाला सरासरी १५० एमबी या वेगाने भरली, तरी सुमारे पंधरा तास लागतात. मधे कोणी काम करत असेल तर त्याहून जास्त. या काळात उरलेल्या डिस्कवर सर्वांत जास्त ताण असतो आणि संरक्षण शून्य असते. त्यातून आपण चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या असतात; एकाच खोक्यातल्या, एकाच वयाच्या, एकच उन्हाळा सोसलेल्या. एकीचे झाले ते दुसरीचे व्हायला फार वेळ लागत नाही.

दुसरे कारण डिस्कच्या माहितीपत्रकात छापलेले असते. अनेक साध्या डिस्कच्या बाबतीत कंपनी म्हणते की, एकावर चौदा शून्ये इतके बिट वाचताना न वाचता येणारी चूक जास्तीत जास्त एक निघेल. हा हिशेब १२.५ टीबीचा होतो. आता ८ टीबीच्या तीन डिस्कचे रेड पाच घ्या. एक गेली, तर उरलेल्या दोन मिळून १६ टीबी वाचायचे आहे. छापलेला आकडा कमाल मर्यादेचा आहे, प्रत्यक्षात डिस्क बहुधा त्याहून चांगल्या वागतात. तरीही जुन्या पद्धतीचे काही रेड कार्ड अशी एक चूक भेटताच सगळी जुळणीच थांबवते. एका न वाचलेल्या तुकड्यासाठी अख्खी पेटी बंद.

म्हणून माझे मत साधे आहे. घराला दोन डिस्कचा आरसा पुरतो. त्यातली एकटी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली तरी तीवर सगळे असते. रेड पाचच्या एका डिस्कवर काहीच पुरते नसते. आणि जागेची चिंता करणाऱ्यांनी जरा हिशेब करावा. मोबाइलचा फोटो ४ एमबीचा धरला तर ४ टीबीत दहा लाख फोटो मावतात. ए-फोर आकाराचे पान ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन करून दाबून लहान न करता ठेवले, तर ते सुमारे २६ एमबीचे होते. दोनशे पानांचे पुस्तक सव्वापाच जीबीच्या आत. अशी साडेसातशे पुस्तके ४ टीबीत मावतात. दाबून पीडीएफ केली तर कितीतरी जास्त. एवढा संग्रह फार थोड्या घरांत असतो.

आता डिस्कच्या आत शांतपणे होणाऱ्या बिघाडाविषयी. डिस्क चालू असते, फाइल दिसते, पण तिच्यातले काही बिट बदललेले असतात. आरशाच्या दोन डिस्कमध्ये फरक पडला तर खरी कोणती? साध्या रेडला ते सांगता येत नाही. तिला फक्त 'दोन्ही सारख्या नाहीत' एवढे कळते.

हा प्रश्न भाषा शिकवणाऱ्याला नवा नाही. हाताने नकला होत, त्या काळी प्रत्येक नकलेत काही ना काही बदलत असे. अरबी-फारसी हस्तलिखितांच्या परंपरेत नक्कल पूर्ण झाली की ती मूळ प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहत. त्याला 'मुकाबला' म्हणत, आणि तसे केल्याची नोंद समासात करत. आपल्याकडे एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तीही निरनिराळ्या प्रती समोर ठेवून, पाठ ताडूनच. प्रती अनेक असणे ही निम्मी गोष्ट. त्या वेळोवेळी एकमेकींशी ताडल्या जाणे, ही उरलेली निम्मी.

हेच काम झेडएफएस ही फाइल व्यवस्था करते. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी २००१ मध्ये तिचे काम सुरू केले आणि २००५ मध्ये तिचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला झाला. ती प्रत्येक तुकडा लिहिताना त्याची एक खूण, म्हणजे चेकसम, वेगळी लिहून ठेवते. वाचताना खूण जुळली नाही, तर आरशातल्या दुसऱ्या डिस्कवरचा तुकडा तपासते, तो जुळला तर तो देते आणि बिघडलेला दुरुस्त करते. 'स्क्रब' नावाची आज्ञा दिली की सगळी डिस्क अशी ताडून निघते. महिन्यातून एकदा ती आपोआप चालेल असे लावून ठेवावे. बीटीआरएफएस ही दुसरी व्यवस्थाही आरशाच्या बाबतीत हे करते. तिच्या रेड पाच-सहापासून मात्र दूर राहा, असे तिची अधिकृत माहितीच सांगते. ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट यांसारखी मोफत सॉफ्टवेअर वापरली तर ही कामे ब्राउझरमधून करता येतात.

डिस्क स्वतःची तब्येत 'स्मार्ट' नावाच्या नोंदीत सांगत असते. ती पाहावी, पण तिच्यावर विसंबू नये. गूगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बिघडलेल्या डिस्कपैकी एकतृतीयांशाहून जास्त डिस्कनी तापमान सोडून कुठल्याही नोंदीत आधी काहीच इशारा दिलेला नव्हता. डॉक्टरने 'सगळे ठीक' म्हटले म्हणून मृत्युपत्र करायचे थांबत नाहीत, तसेच हे.

हार्डवेअरकडे वळू. इथे माझे मत आणखी स्वस्त आहे. कचेऱ्यांमधून निघालेले जुने ब्रँडेड डेस्कटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि प्रत्येक मोठ्या शहरातल्या संगणक बाजारात मिळतात. घरच्या फाइल सर्व्हरला त्यांची ताकद पुरून उरते. घेताना प्रोसेसरपेक्षा डबा उघडून आतली जागा पाहा. पुस्तकासारखे बारीक मॉडेल दिसायला छान, पण त्यात साडेतीन इंची डिस्कची जागा बहुधा एकच असते. टॉवर घ्या, ज्यात दोन डिस्क बसतील आणि दोघींवर पंख्याची हवा लागेल. सिस्टिमसाठी एक छोटी एसएसडी वेगळी. मेमरी ८ जीबी असली की झेडएफएस घरगुती कामापुरती नीट चालते. चुका पकडणारी ईसीसी मेमरी मिळाली तर उत्तमच, पण ती नाही म्हणून झेडएफएस वापरूच नये, हे काही खरे नाही. डिस्क मदरबोर्डच्या साटा पोर्टला थेट लावाव्यात. जुने रेड कार्ड स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये. ते जळाले तर तसेच दुसरे शोधत फिरावे लागते. यूएसबीच्या डब्यातल्या डिस्कचा आरसाही नको. केबल हलली की एक डिस्क गायब होते. यूएसबी डिस्क बॅकअपसाठी चांगली.

डिस्क घेताना एक गोष्ट दुकानदाराला स्पष्ट विचारा: सीएमआर आहे की एसएमआर? एसएमआर डिस्कमध्ये माहितीचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. जागा जास्त मिळते, पण मधले एक कौल बदलायचे तर पुढची सगळी उचलावी लागतात. रेडच्या पुनर्बांधणीत अशी डिस्क फार रेंगाळते, कधी जुळणीतून बाहेर फेकली जाते. २०२० च्या एप्रिलमध्ये उघड झाले की, वेस्टर्न डिजिटलच्या खास नॅससाठी विकल्या जाणाऱ्या लाल लेबलच्या काही डिस्क एसएमआर होत्या आणि ते माहितीपत्रकात सांगितलेले नव्हते. पुढे कंपनीने यादी जाहीर केली आणि सीएमआर डिस्कसाठी 'प्लस' असे वेगळे नाव ठेवले. लेबलवरचा 'नॅस' हा शब्द पुरेसा नाही, मॉडेल क्रमांक पाहावा. आणि दोन डिस्क शक्यतो दोन दुकानांतून घ्याव्यात, म्हणजे त्या एकाच खेपेतल्या नसतील. बिल जपावे, पण हे ध्यानात ठेवून, की वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, फोटो मिळत नाहीत.

वेगासाठी रेड लावणाऱ्यांनी घरातला राउटर पाहावा. गिगाबिट पोर्टवरून प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११० एमबी जातात. एकटी डिस्कसुद्धा एवढा वेग सहज देते. पण राउटरचा पोर्ट जुना, शंभर मेगाबिटचा असेल, तर तोच वेग ११ एमबीवर येतो आणि १ टीबी पाठवायला अडीच तासांऐवजी पंचवीस तास लागतात. इथे चार डिस्कही काही करू शकत नाहीत. पैसे राउटरवर घालावेत.

तिसरी डिस्क घेण्याआधी यूपीएस घ्या. आपल्याकडे वीज सांगून जात नाही. लिहिता लिहिता वीज गेली, तर साध्या रेड पाचमध्ये माहिती एका डिस्कवर नवी आणि तिचा पडताळा दुसरीवर जुना, असे राहू शकते. घरचा इन्व्हर्टर दिवे-पंखे सांभाळतो, पण त्याला वीज पालटायला लागणाऱ्या क्षणात संगणक बंद पडू शकतो. यूएसबी केबलने सर्व्हरला 'वीज गेली, आता आवर' असे कळवणारा लहान यूपीएस हवा. विजेच्या बिलाचाही विचार करा. चाळीस वॅट खाणारा संगणक वर्षभर अखंड चालला तर ३५० युनिट होतात, ऐंशी वॅटचा असेल तर ७०० युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर साडेतीन आणि सात हजार. एवढे पैसे असेच भिंतीत जातात. घराला रात्री सर्व्हर लागत नसेल तर तो बंद ठेवायला काहीच हरकत नाही.

आता पुन्हा त्या चार डिस्क घ्या. एकाने त्या एका डब्यात घालून रेड पाच लावले. त्याला १२ टीबी मिळाली आणि प्रत एक. दुसऱ्याने दोन डिस्कचा आरसा केला, तिसरी यूएसबीने दर आठवड्याला भरून कपाटात ठेवली, आणि चौथी दुसऱ्या गावी बहिणीच्या घरी. त्याला ४ टीबीच मिळाली, पण प्रती तीन, आणि छपरे दोन. डिस्क तितक्याच आहेत. पहिल्याचे घर बुडाले तर सगळे बुडाले. दुसऱ्याचे बुडाले तर फार तर मागच्या ईदपासूनचे बुडेल. ईदला किंवा सुट्टीत जाताना कपाटातली डिस्क न्यायची, तिथली आणायची, एवढेच काम. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी मांडलेला 'तीन-दोन-एक' नियम हेच सांगतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. क्लाउड परवडत असेल तर तो आणखी एक प्रत म्हणून ठेवावा. वर्गणी थकली किंवा खाते बंद झाले तर काय, हे मात्र आधीच ठरवावे. सर्व्हरवर रोजचे स्नॅपशॉट चालू ठेवले, की चुकून पुसलेले फोल्डर कालच्या रूपात परत मिळते. आरशाला नसलेली आठवण स्नॅपशॉटला असते.

घराबाहेर जाणारी डिस्क कूटबद्ध करावी, कारण तिच्यात घराचे सगळे कागद आहेत. पण मग किल्ली कुठे? किल्ली एकट्या घरधन्याच्या डोक्यात असेल तर तो गेल्यावर डिस्क म्हणजे लोखंडाचा तुकडा. माझ्या मुलीने मला हेच विचारले होते, "अब्बू, तुम्ही नसताना हे आम्ही उघडायचं कसं?" रेडच्या कुठल्याही आकड्यात याचे उत्तर नाही. उत्तर एका कागदावर असते: डिस्क कुठे आहे, कशी लावायची, पासवर्ड काय. तो कागद घरातल्या मूळ कागदपत्रांबरोबर ठेवावा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाकडून एकदा सगळे उघडून घ्यावे. वर्षातून दोनदा बॅकअपमधल्या दहा फायली खरोखर उघडून पाहाव्यात. पिक्सारमध्ये बॅकअप घेतला जात होता, तपासला जात नव्हता. आणि इनपेज, श्रीलिपीसारख्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या मजकुराची पीडीएफही सोबत ठेवावी. डिस्क शाबूत राहिली आणि तिच्यावरची फाइल उघडणारे काही उरले नाही, तर ते राखणेही वायाच.

मला हे सगळे लिहावेसे वाटले ते आपल्या सवयीमुळे. मोठी वस्तू विकत घेतली की जबाबदारी संपली, असे आपल्याला वाटते. चार डिस्कचा डबा हॉलमध्ये निळे दिवे लुकलुकवत बसतो, पाहुण्यांना दाखवता येतो. बहिणीच्या कपाटातली डिस्क कोणाला दिसत नाही. पण उर्दूत ज्याला अमानत म्हणतात, ती वस्तू आपल्या मालकीची नसते. आपण ती मागच्यांकडून घेतलेली असते आणि पुढच्यांच्या हाती द्यायची असते. आजोबांनी दाखला जपला, तो पत्र्याच्या पेटीत, नॅप्थलीनच्या गोळ्या घालून, दर पावसाळ्यानंतर उन्हात वाळवून. त्यांच्यापेक्षा आपली साधने कितीतरी चांगली आहेत. डिस्क घ्यायला बाजारात जाल तेव्हा दोन घ्या असे म्हणणार होतो. तीन घ्या, आणि तिसरी कुणाच्या घरी ठेवायची ते निघण्याआधीच ठरवा.